सुतकात फुलं आणणारी मावशी

पुडीवाली मावशी मयताच्या घरी हसायची. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कॉलनीत तिच्याबद्दल कुणीही बोलायला लागलं की सुरुवात इथूनच होते. निम्म्या बायका म्हणायच्या, "बाई आहे की कोण! जागा पाहत नाही, वेळ पाहत नाही." उरलेल्या निम्म्या मात्र, घरात कुणी गेलं की आठव्या-नवव्या दिवशी मला हळूच फोन करून विचारायच्या, "ती फुलवाली तुमच्याकडे येते ना? तिला जरा आमच्याकडे पाठवाल का?" मी वकील आहे. एकाच माणसाबद्दल अशा दोन टोकांच्या साक्षी आल्या की माणूस साधा नाही, एवढं मला कळतं.

तिचं खरं नाव रेशन कार्डावर असेल तेवढंच. अमरावतीतून अंजनगावकडे जाणाऱ्या रस्त्याला शहराच्या थोडं बाहेर तिचा फुलांचा मळा होता. सकाळी सातच्या सुमाराला ती टोपली घेऊन ॲटोतून उतरायची आणि घरोघरच्या फाटकाला फुलांच्या पुड्या अडकवत जायची. पळसाच्या पानात बांधलेली पुडी, वर केळीच्या सोपाचा दोरा. आत दोन जास्वंदी, थोडी कण्हेर, मोगऱ्याच्या चार कळ्या, तुळस आणि दुर्वांची जुडी. सोमवारी बेल. फुलं कधी ताजी असत, कधी आदल्या दिवशीची आणि पाणी मारून ताजी केलेली. विचारलं तर म्हणायची, "मी बी कालचीच हाओ बाई, मले टाकून देता का?"

आता ती येत नाही, पण सकाळी अर्धवट झोपेत असताना मला अजून फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटते. पळसाच्या ओल्या पानाचा वास येतो. त्या वेळी घरातली सगळी माणसं, असलेली आणि नसलेली, आपापल्या कामाला लागलेली असतात. कुणी चहा टाकतंय, कुणी दाढी करतंय. मग पूर्ण जाग येते आणि घर पुन्हा दोघींचं होतं, माझं आणि सासूबाईंचं.

दाढी करणारा माझा नवरा, श्रीकांत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सासूबाईंना देवपूजा वेळेवर लागते, म्हणून पुडी आणायला रोज तोच धावायचा आणि नेमका त्याच वेळी त्याच्या अर्ध्या गालाला साबण असायचा. मावशी फाटकातूनच ओरडायची आणि दोघं तिथे उभ्याउभ्या पाच-दहा मिनिटं हसत असायचे. मी आत कोर्टाची घाई करत चिडचिडायची. काय एवढं बोलता, असं मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोण आहे?

चैत्रात एका गुरुवारी दुपारी श्रीकांत गेला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कॉलेजातून घरी आला, पाणी प्यायला आणि खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. मावशीला हे माहीत नव्हतं. ती त्याच्या आधीच्या सोमवारीच नातीच्या लग्नासाठी लेकीकडे तेल्हाऱ्याला गेली होती. परतली ती पुढच्या बुधवारी, म्हणजे सातव्या दिवशी. घर अकोल्याच्या नातेवाइकांनी भरलेलं. सगळे खाली माना घालून बसलेले. आणि फाटकातून आवाज आला, "ओ सर! पुडी घ्या! साबन पुसून या बरं, नाईतं लोकं म्हनतीन, मावशीले पाहून सरच्या तोंडाले फेस आला!"

बैठकीतला प्रत्येक माणूस दगड झाला. मी उठून फाटकाशी गेले. म्हटलं, "मावशी, सूतक आहे घरात."

"अव माय! कोन, मास्तरीनबाई गेल्या?"

मास्तरीणबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या माझ्या मागे दारात उभ्या होत्या आणि त्यांनी हे स्वच्छ ऐकलं होतं.

"नाही मावशी. सर गेले."

तिच्या तोंडून 'अरेरे' निघालं नाही, 'कसं काय' निघालं नाही. ती ओट्याच्या पायरीवर धपकन बसली आणि मोठ्याने रडायला लागली. आमच्या घरात सात दिवस सगळे नाकाला रुमाल लावून हळूहळू रडत होते, त्यामुळे तो आवाज कानाला कसासाच वाटला. मग मध्येच थांबून, नाक पदराने पुसत ती मला म्हणाली, "अन् मी मास्तरीनबाईले मारून बसली होती वो! सर असते तं आता पोट धरून हासले असते." आणि ती रडता रडता हसली. मी पण हसले. खरं सांगते, मला माझीच भीती वाटली. नवरा जाऊन सात दिवस झाले नाहीत आणि मी फाटकात उभी राहून दात काढतेय!

सासूबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सुतकात देवाला फुलं चालत नाहीत. घेऊन जा ती."

"देवाले नाई चालत, मास्तरीनबाई. सरले काहून नाई चालन? सर काय देव झाले का लगेच?" असं म्हणून तिने पुडी पायरीवर ठेवली आणि टोपली उचलून गेली. सासूबाई आत निघून गेल्या. पुडी मी उचलली आणि श्रीकांतच्या फोटोपुढे ठेवली. एवढ्या दिवसांत त्या घरात मी स्वतःच्या मनाने केलेलं ते पहिलं काम.

तेरवी झाली. नातेवाईक अकोल्याला परतले आणि दोघी उरलो. सासूबाईंनी श्रीकांतचा फोटो कपाटात ठेवून दिला. त्याचं नाव घेणं बंद केलं. वीज बिलावर त्याचं नाव यायचं, तर त्या बिल उलटं करून ठेवायच्या. मी एकदा विषय काढला, तर ताटावरून उठून गेल्या आणि दिवसभर जेवल्या नाहीत. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे 'मीठ आहे का' आणि 'दूध आलं का'. कोर्टात मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायची आणि घरी आले की मुकी.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला एकोणीस वर्षांचा श्रीकांत मिळाला होता. त्याआधीची पंचवीस वर्षं, त्याचं अकोल्यातलं लहानपण, त्याच्या शाळेतल्या भानगडी, त्याचं पहिलं पडणं-झडणं, हे सगळं फक्त सासूबाईंकडे होतं. वडील तो तान्हा असतानाच वारलेले, भावंड नाही. त्या बाईंनी तोंड उघडलं नाही तर ते सगळं त्यांच्याबरोबर जाणार होतं. आणि त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. स्वार्थ म्हणा हवं तर. मला माझा पूर्ण नवरा पाहिजे होता.

मावशी मात्र सूतक फिटल्यापासून पुडी कडीला अडकवून जाईना. ती आत यायची, पायरीवर बसायची आणि हक्काने चहा मागायची. मग मला म्हणायची, "वकीलबाई, सरची एक खोडी सांगा."

"खोडी? मावशी, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये."

"मंग काय चांगलंच बोलत बसाव? पाहा बाई, मेलेल्या मानसाले देव केलं की तो हातचा गेला. देवासंग कोनी भांडते का? नवऱ्यासंग भांडाव लागते. चांगलं चांगलं बोलून तुमी त्याहिले फोटोत बसवून टाकान, मंग घरात कोन राहीन?"

या एका वाक्यावर मावशीचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. तिला 'चांगल्या माणसाला देव लवकर नेतो' म्हणणाऱ्यांचा भयंकर राग. आमच्याकडे एक दूरच्या मामी असं म्हणाल्या, तर मावशी पायरीवरून म्हणाली, "चांगल्याले देव लवकर नेते म्हनता, मंग तुमी, मी अन् मास्तरीनबाई, आपन काय हलकट हाओ का?" मामींनी चहाही घेतला नाही. तरातरा निघून गेल्या.

आपल्या नवऱ्याबद्दलही ती असंच बोलायची. त्याला ती बुढा म्हणायची, आणि बुढा गेल्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. "आमचा बुढा, जनमभर एका कामाले येळेवर नाई आला. अन् मेला कवा? दसऱ्याच्या दोन दिवस आधी! शेतात झेंडू उभा. आता रडाव का तोडाव?" तर त्या दिवशी मळ्यात ज्या बाया रडायला आल्या, त्या प्रत्येकीच्या हातात हिने टोपली दिली. म्हणाली, रडा, पण तोडत रडा. पन्नासेक बाया वाफ्यावाफ्यातून हुंदके देत झेंडू तोडतायत आणि मधोमध बुढा तिरडीवर निजलाय! हे सांगताना ती इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहायचं नाही. ती ते लपवायचीही नाही. "पूर्ण वावर तोडून झालं, तवाच उचललं त्याले. त्याच्यावर टाकाले फुलं कमी नाई पडले, एवढं खरं."

मी एकदा विचारलं, "मावशी, आठवण येते का त्यांची?"

"आठवन काहून येईन? मी तं रोज बोलते त्याच्यासंग, फुलं तोडता तोडता. तो उत्तर नाई देत. पन जिता होता तवा तरी कुठं देत होता!"

तिचं नेहमीच जमायचं असंही नाही. कॉलनीत एका घरी तरुण मुलगी गेली. मावशी तिथेही जाऊन बसली आणि सवयीप्रमाणे काहीतरी बोलली. मुलीच्या बापाने तिला हात धरून बाहेर काढलं. त्या दिवशी ती आमच्या पायरीवर येऊन बसली, पण चहासुद्धा मागितला नाही. टोपली बाजूला सारत म्हणाली, "चुकलं मायं. हासाले बी घर पाहाव लागते. तिथं अजून रडनंच आलं नवतं, मी हासनं घेऊन गेली." दुसऱ्या दिवशी ती त्या घरी पुन्हा गेली, काही न बोलता फाटकाबाहेर बसून राहिली. आठ दिवस रोज. नवव्या दिवशी त्या बापानेच तिला आत बोलावलं, असं मी ऐकलं. आत काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तर मी खोड्या सांगायला लागले. ओला टॉवेल गादीवर टाकतो. कुणाला नाही म्हणता येत नाही. फ्रीजसमोर उभा राहून खातो. सांगताना पहिल्यांदा रडू यायचं, मग राग यायचा, मग कधीतरी हसू. एक दिवस मी म्हटलं, "आणि घोरायचा किती! डोंबारी ढोल वाजवतोय असं वाटायचं."

तेवढ्यात आमच्या डोक्यावरच्या खिडकीतून आवाज आला. "घोरत नव्हता तो. नाकाचं हाड वाढलं होतं. आठवीत असताना डॉक्टरांना दाखवलं होतं." आणि खिडकी लागली.

मावशीने बिस्किट चहात बुडवलं आणि ते तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. बिस्किट तुटून कपात पडलं. ती हळूच म्हणाली, "मास्तरीन हाय ना? चूक ऐकली की दुरुस्त कराव लागते तिले. राहवत नाई. आता पाहा."

दुसऱ्या दिवसापासून मावशीने खोटं बोलायला सुरुवात केली. खिडकीकडे पाठ करून, मोठ्या आवाजात. "सर पान्याले लय भेत होते म्हनतेत!" खिडकी उघडायची. "कोण म्हणतं? सातवीत होता तेव्हा मोर्णेच्या पुरात उडी मारली होती त्याने. मी पायातली चप्पल काढली होती." कधी म्हणायची, "सरले लहानपनी आंबा चालत नवता ना?" खिडकी उघडायची. "वेड लागलंय का तुम्हाला? कोयसुद्धा सोडायचा नाही." एक एक वाक्य. त्या 'तो' म्हणायच्या, नाव घ्यायच्या नाहीत. पण मी ते वाक्य वेचून घ्यायची आणि कोर्टात दिवसभर तोंडात घोळवायची. समोर न्यायाधीश बोलतायत आणि मी मनाने मोर्णेच्या काठावर, एका भिजलेल्या पोराला चपलेने मार खाताना बघतेय. हळूहळू सासूबाई खिडकीतून दारात आल्या. दारातून पायरीवर आल्या. दोघी शेजारी शेजारी बसायला लागल्या. फुलं शिळी आहेत म्हणून भांडायलाही लागल्या.

कोजागरी उलटून गेलेली. रविवार होता. सकाळी धुकं पडलेलं, पलीकडच्या घराचं नुसतं निळं फाटक दिसत होतं, घर दिसत नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर दोघी बसलेल्या. सासूबाईंचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणून मी गॅस बारीक केला. चोरून ऐकलं, हो. त्याची मला लाज नाही.

"त्या मंगळवारी संध्याकाळी मी त्याला म्हटलं, मला अकोल्याला सोड, माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. तो म्हणाला, परीक्षा आहेत, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी म्हटलं, तुला आईसाठी वेळ नाही. आणि बोलणं बंद केलं. बुधवारी बोलले नाही. गुरुवारी सकाळी त्याने स्वतः चहा करून माझ्यासमोर ठेवला. मी तो निवू दिला. तो निवलेला कप बघून कॉलेजला गेला. आणि दुपारी... माझ्या मुलाशी मी शेवटचे दोन दिवस बोलले नाही, मावशी."

मला अबोला माहीत होता. आमच्या घरात तो महिन्यातून एकदा व्हायचाच. पण तो त्या बाईच्या छातीवर असा धोंडा होऊन बसलाय, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मावशी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हात्तिच्या! तो अबोला होय? सरनं मले सांगतलं होतं ना फाटकात. म्हने, मावशी, आज घरात लय शांती हाय. आईनं मौन धरलं. वर्गात बोलू बोलू घसा बसला माया, देवा, अजून दोन दिवस चालू दे हे मौन!"

बाहेरून एक विचित्र, खरवडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं काही पडलं. मी धावत गेले, तर सासूबाई हसत होत्या. दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होत्या, आणि हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नसावं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मावशीने त्यांना कुशीत घेतलं नाही, पाठ थोपटली नाही. नुसती शेजारी बसून दुर्वा निवडत राहिली.

दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. सासूबाईंचे डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा. भात कालवता कालवता त्या म्हणाल्या, "मावशी सोमवारीच तेल्हाऱ्याला गेली होती ना?"

माझा घास हातातच राहिला. हा हिशेब मी सकाळीच केला होता. सोमवारी मावशी गेली, अबोला धरला मंगळवारी. श्रीकांत तिला हे सांगणार कधी? उलटतपासणीत पहिल्या प्रश्नालाच साक्ष कोसळली असती. मी म्हटलं, "हो. सोमवारीच."

"हं." त्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाल्या, "पण तो असंच म्हणाला असता."

"अगदी असंच," मी म्हटलं.

"वरण वाढ थोडं."

त्या दिवसापासून त्या मावशीशी त्याच्याबद्दल मोकळं बोलायला लागल्या. पण मावशीशीच. मी चहा घेऊन बाहेर गेले की विषय बदलायचा. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली की त्या 'दूध आलं का' विचारायच्या. मी आत तयार होत असायची आणि बाहेरून हसण्याचे आवाज यायचे, मध्येच त्याचं नाव यायचं. लहानपणी शिरू म्हणायच्या त्या त्याला. एकोणीस वर्षांत मी हे नाव ऐकलं नव्हतं. मला त्या फुलवालीचा चक्क हेवा वाटायला लागला. माझ्या नवऱ्याची पंचवीस वर्षं रोज सकाळी तिच्या टोपलीत पडत होती आणि मावशी ती घेऊन ॲटोत बसून जात होती. एकदा मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्याकडे पाह्यलं की तिले तिचा पोरगा दिसते वकीलबाई. मायाकडे पाह्यलं की फुलवाली दिसते. मंग कोनासंग बोलनं सोपं हाय? जरासक थांबा. येईन ते तुमच्याकडे."

पुढच्या उन्हाळ्यात मावशीचे गुडघे बसले. लेक येऊन तिला तेल्हाऱ्याला घेऊन गेली. जाताना ती आमच्याकडे आली, पण बसली नाही. "निरोप घ्याले बसलं की मानूस रडते, अन् ॲटोवाला हॉर्न मारते," म्हणाली. सासूबाईंनी तिला लुगडं दिलं. तिने ते नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाली, "कपाटातलं हाय. कालचंच दिसते." आणि गेली.

दिवाळीनंतर लेकीचा फोन आला. मावशीला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. सासूबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "उद्या सुट्टी काढ." महिनाभराने मावशी गेली. पण आमच्यासाठी तिचं शेवटचं दर्शन म्हणजे ती तेल्हाऱ्याची दुपार.

अंगणात कापसाचा ढीग, पत्र्याच्या खोलीत खाटेवर मावशी. एवढीशी झालेली. आम्हाला पाहून तिचा डावा डोळा हसला, ओठाचा डावा कोपरा हसला, उजवीकडचं काही हललं नाही. ती घशातून काहीतरी म्हणाली, ते शब्द नव्हते. मला रडूच आलं. ज्या बाईने अख्ख्या कॉलनीला बोलतं केलं, तिची वाचा जावी? देवाला काही वाटत असेल का नाही?

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या. इतकी वर्षं तिला 'अहो मावशी' म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, तू बोलू नकोस. आता मी बोलते." आणि बोलायला लागल्या. शिरू जन्मला तेव्हा अकोल्यात दवाखान्यातले दिवे गेले होते आणि नर्सने त्याला कंदिलाच्या उजेडात दाखवला, तो त्यांना आधी मुलगीच वाटला. शिरू पाच वर्षांचा होईपर्यंत 'र' म्हणू शकत नव्हता. शिरूने आईच्याच वर्गात गणितात नापास होऊन दाखवलं आणि प्रगतिपुस्तकावर तिच्याच सहीची नक्कल केली. शिरू कुणा पोरीसाठी सायकलवरून बडनेऱ्यापर्यंत गेला होता आणि ती पोरगी मी नव्हते. असं दोन तास चाललं. मावशीचा अर्धा चेहरा हसत होता, डोळ्यातून पाणी येत होतं आणि सासूबाई ते आपल्या पदराने पुसत, न थांबता बोलत होत्या. मी कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. उन्हाचा एक पट्टा जमिनीवरून सरकत माझ्या पायापर्यंत आला आणि पुढे गेला. कुणीतरी पाणी दिलं ते मी हातात धरूनच बसले. एकही शब्द सांडू नये असं वाटत होतं.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीशी बसल्या. बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ऊन उतरलेलं. थकून त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपल्या. मी म्हटलं, "किती छान बोललात आई. मावशींना किती बरं वाटलं."

"तिला काय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तिला हे सगळं पाठ आहे. उन्हाळ्यापर्यंत पायरीवर हेच तर सांगत होते."

"मग आज पुन्हा?"

"आज तुला सांगत होते, वसुधा. तुझ्याकडे बघून सांगता येत नाही गं मला."

मी त्यांच्याकडे पाठ करून, पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, "मी बघत नाही. सांगा. त्या बडनेऱ्याच्या पोरीचं पुढे काय झालं?"

मागे त्यांनी नाक पुसल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने हसल्याचंही. "काय होणार? शिरू सायकल पंक्चर करून बसला..."

अमरावती येईपर्यंत त्या बोलत होत्या.